घराखालच्या ड्रेनेज पाईपचा ढाळ: फरशी फोडण्याआधी पातळी मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, काळी जमीन, २०११ साली बांधलेलं बैठं घर, संडास मागच्या बाजूला. आधी मागेच सेप्टिक टँक होती. चार वर्षांपूर्वी समोरच्या रस्त्यावर ड्रेनेज लाइन आली, तेव्हा प्लंबरनं हॉल आणि बेडरूमच्या फरशीखालून ३६ फूट चार इंची पाईप नेऊन जोडणी करून दिली. तेव्हापासून दर दीड-दोन महिन्यांनी लाइन तुंबते आणि पावसाळ्यानंतर जास्तच. मागच्या चेंबरमध्ये दोन इंच पाणी कायम उभं असतं. एक प्लंबर म्हणतो सगळी फरशी फोडून भरपूर ढाळ देऊ, दुसरा म्हणतो दर सहा महिन्यांनी जोरदार पाणी मारणारं जेट मशीन मारून घ्या. घरात ७४ वर्षांची आई आहे, तिला त्रास होतो. आणि तुम्ही विचारलंय, ‘नेमका किती ढाळ द्यायला सांगू?’

आकडा आधी देऊन टाकतो. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या पाईपला चाळीसास एक (चाळीस फुटाला एक फूट खाली) ते साठास एक. गवंड्याच्या भाषेत दहा फुटाला तीन इंच ते दहा फुटाला दोन इंच. जुने मिस्त्री ‘फुटाला पाव इंच’ म्हणतात, ते याच दोन्हीच्या मधे बसतं. तुमच्या ३६ फुटांना याचा अर्थ मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत पाईप सव्वासात ते पावणेअकरा इंच खाली उतरली पाहिजे.

पण तुमचा खरा प्रश्न हा नाही. ढाळ आपण ठरवून देत नाही, तो जागेवर असावा लागतो. संडासाच्या पाईपचं मागचं टोक किती उंचीवर आहे आणि रस्त्यावरच्या चेंबरमध्ये पाईप किती खोल पडते, या दोन पातळ्यांमधला फरक हीच तुमची एकूण पुंजी. ती किती आहे आणि वाटेत कुठं वाया जाते आहे, हे कळल्याशिवाय फरशीला छिन्नी लावू देऊ नका. गेली सत्तावीस वर्षं मी हीच कामं करतो आणि ‘ढाळ कमी आहे’ म्हणून फोडलेली बरीच घरं पाहिली आहेत, जिथं नवी पाईपही जुन्याच पातळीवर बसली, कारण पुढचं टोक कुणी हलवलंच नव्हतं.

सगळ्यात आधी एक साधी खात्री. पुढच्या वेळी तुंबेल तेव्हा मागचं आणि पुढचं, दोन्ही चेंबर उघडून बघा. मागचं भरलेलं आणि पुढचं कोरडं असेल तर अडथळा घराखालीच आहे. दोन्ही भरलेले असतील तर रस्त्यावरची लाइनच पाणी मागे ढकलते आहे. तसं असेल तर घरात कितीही ढाळ द्या, फरक पडणार नाही. तिथं नगरपरिषदेकडून लाइन साफ करून घेणं आणि पुढच्या चेंबरमध्ये पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवणं हा मार्ग. तुमचा त्रास पावसाळ्याच्या ऐन सरींत नाही, तर पावसाळ्यानंतर वाढतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझा कल घराखालच्या पाईपकडे आहे. तरी डोळ्यांनी बघून घ्या.

आता ते उभं राहिलेलं दोन इंच पाणी. यावरून लगेच ‘उलटा ढाळ’ असा निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे चेंबर बांधताना पुष्कळदा तळ सपाट ठेवतात, आणि तो पाईपच्या तोंडापेक्षा खालीही असतो. मग पाणी साचणारच, आणि मैलाही तिथंच बसणार. हा दोष चेंबरचा, पाईपचा नाही. तळात सिमेंटची अर्धगोल नाली काढली, दोन्ही बाजूंना उतरता गिलावा केला, की एका दिवसात हा भाग मिटतो. त्यामुळे पट्टी घालून चेंबरच्या तळापासून पाणी मोजू नका. बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तोंडात, पाईपच्या आतल्या तळापासून पाणी किती आहे ते मोजा. तिथं पाणी शून्य असेल तर चेंबरच दोषी. तिथंही दीड-दोन इंच उभं असेल तर पुढं पाईप कुठं तरी तेवढी वर गेली आहे, म्हणजे उलटा ढाळ आहे किंवा मधे उंचवटा आहे.

पाईप मधेच खाली बसून तिला पोट आलंय का, हे कळायला आरसा आणि बॅटरी पुरते. पाईप सरळ असेल, मधे बेंड नसेल, तर पुढच्या चेंबरमध्ये पाईपच्या तोंडाशी बॅटरी धरायला सांगा आणि मागच्या चेंबरमध्ये आरसा तिरपा धरून त्यात बघा. उजेडाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं तर पाईप सरळ रेषेत आहे. खालून कापलेला चंद्र दिसला तर मधे पोट आहे आणि त्यात पाणी भरलंय. उजेडच दिसला नाही, तर पोट पाईपच्या व्यासाएवढं आहे किंवा आत मैला घट्ट बसलाय. शहरात आता पाईपमध्ये घालायचा कॅमेरा भाड्यानं मिळतो, जवळ मिळाला तर जरूर वापरा. पण आरशानं माझं काम बहुतेक वेळा भागलं आहे.

यानंतर पातळी. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, घराच्या लांबीपेक्षा चार-पाच मीटर जास्त. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळी मापं खोटी येतील. मागच्या चेंबरशेजारच्या भिंतीवर एक खूण करा, तीच पातळी नळीनं पुढच्या भिंतीवर आणा आणि रस्त्यावरच्या चेंबरपाशीही न्या. मग प्रत्येक ठिकाणी त्या पातळीपासून पाईपच्या आतल्या तळापर्यंत टेप सोडा. तीन आकडे मिळतील. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण नगरपरिषदेच्या माणसाला बोलावून, परवानगीनंच उघडा आणि माप वरूनच, पट्टीला टेप बांधून घ्या. आत कुणालाही उतरवू नका, तुमच्या सेप्टिक टँकमध्येही नाही. त्यात साचलेल्या वायूनं माणूस एका श्वासात कोसळतो, आणि हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय कुणाला असं उतरवणं हा गुन्हा आहे.

तिसरा आकडा का हवा, ते एका घराच्या मापांवरून सांगतो. उदगीरच्या बाजूला अगदी तुमच्यासारखंच प्रकरण होतं. मागच्या चेंबरला माप आलं ७१ सेंटिमीटर, पुढच्या चेंबरला ७९. अकरा मीटर लांबीत फक्त ८ सेंटिमीटर उतार, म्हणजे जवळजवळ एकशे चाळीसास एक. एवढ्यात मैला वाहून जात नाही. घरमालक म्हणाले, ‘झालं, आता संडासच उचलावा लागणार.’ पण रस्त्यावरच्या चेंबरमध्ये माप आलं ११८. म्हणजे घराच्या पुढच्या चेंबरपासून रस्त्यापर्यंतच्या जेमतेम चार मीटरमध्ये पाईप ३९ सेंटिमीटर खाली पडत होती! जोडणी करणाऱ्यानं खोल खणायचं टाळून पुढचं चेंबर उथळ बांधलं होतं, आणि घराचा सगळा ढाळ त्या शेवटच्या चार मीटरमध्ये उधळला होता. पुंजी भरपूर होती, खर्च चुकीच्या जागी झाला होता.

तिथं आम्ही घराखालची पाईप तशीच सोडून दिली, दोन्ही तोंडं सिमेंटनं बंद केली आणि नवीन लाइन घराच्या बाजूच्या तीन फुटी बोळातून नेली. लांबी अकराची सतरा मीटर झाली, पण पुढचं चेंबर खाली नेऊन तिथलं माप १०० सेंटिमीटरवर आणलं. ७१ पासून १००, म्हणजे सतरा मीटरमध्ये २९ सेंटिमीटर, साठास एकच्या आसपास. पुढच्या चार मीटरला १८ सेंटिमीटर उरले, तेही पुरून उरतात. घरातली एकही फरशी फुटली नाही. बोळातली शहाबादी तेवढी उचलली आणि परत बसवली.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच, बाजूनं जागा असेल तर पाईप घराखालून काढूनच टाका. वळणावर नव्वद अंशाचा बेंड नको, तिथं चेंबर बांधा. जागा अगदीच अडचणीची असेल तर पंचेचाळीसचे दोन बेंड आणि साफसफाईचं तोंड द्या. उद्या काही झालं तर फावडं घेऊन दोन तासांत पाईप उघडता येते. घराखालच्या पाईपबाबत हे कधीच शक्य होत नाही.

बोळ नसेल, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत असेल, तर मग फरशी फोडावी लागेल. तेव्हा दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आरशात पोट दिसलं आणि बाकी उतार ठीक असेल, तर फक्त पोटाची जागा उघडून भागतं. किती अंतरावर आहे ते चेंबरमधून लवचीक पट्टी सरकवून अंदाजता येतं. दोन-अडीच फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब पट्टा उघडा. पण उतार मुळातच कमी असेल तर मधला तुकडा बदलून काही साधत नाही, पुढच्या चेंबरपासून अख्खी पाईप नव्यानं टाकावी लागते. आणि दुसरं, घर कॉलमचं आहे की दगडी-विटांच्या भारवाही भिंतीचं. जोत्याची बीम आडवी येत असेल तर ती कापायची नाही, खालचा गज तोडायचा नाही, पाईप बीमच्या खालून न्यायची. भारवाही भिंतीला समांतर चर खणताना पायाच्या तळापेक्षा खाली जायचं नाही, भिंतीलगत तर मुळीच नाही. इथं शंका असेल तर गावातल्या इंजिनिअरला एकदा दाखवा.

तुमची पाईप बिघडली कशी, हे समजून घ्या, नाहीतर नवी पाईपही त्याच वाटेनं जाईल. घराखाली भराव असतो. तो थराथरानं पाणी मारून, धुम्मस करून बसवलेला नसेल तर वर्षानुवर्षं खचत राहतो. त्यात पाईप टाकणारे घाईत तिला दोन-तीन ठिकाणी विटेचे तुकडे लावतात, तेवढ्यापुरती लेव्हल बरोबर दाखवतात आणि वरून माती लोटतात. माती खचली की विटेवर पाईप तशीच राहते आणि दोन विटांच्या मधे लोंबते. तेच पोट.

त्यात तुमची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण घराखाली ती सगळीकडे सारखी हलत नाही. घराच्या मधोमध ओल बाराही महिने जवळपास तेवढीच राहते, बाहेरच्या भिंतींच्या कडेला मात्र ऋतूप्रमाणे बदलते. पाऊस मुरला की पुढच्या भिंतीखालची माती बोटभर वर येते, आणि पाईपचं नेमकं खालचं टोक उचललं जातं. ज्या पाईपला मुळात सात-आठ सेंटिमीटर उतार, तिला बोटभर उचल फार महाग पडते. पावसाळ्यानंतर जास्त तुंबतं, त्याचं कारण मला यातच दिसतं. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका घरी पाईप थेट काळ्या मातीवर टाकली होती, तपासून, दोरी लावून. एका पावसाळ्यानंतर त्या बाईंचा निरोप आला. मी माझ्या खर्चानं ती काढली, आणि तेव्हापासून पाईपखाली काळी माती कधीच ठेवत नाही.

नवी पाईप टाकाल तेव्हा चराच्या तळातली काळी माती अजून वीतभर खाली काढा. त्या जागी मुरूम भरा, पाणी मारा, धुम्मस करा, आणि वर तीन-चार इंच वाळू किंवा क्रश सँड. पाईप सगळ्या लांबीत त्या वाळूवर टेकली पाहिजे. सॉकेट, म्हणजे पुढची पाईप आत बसते ते रुंद तोंड, जाड असतो, त्याच्याखाली हातानं खळगा करून घ्या, नाहीतर पाईप सॉकेटवर तोलून राहते. दुकानात एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला-सांडपाण्याची पाईप मागाल तेव्हा ‘टाइप बी’ मागा. ‘टाइप ए’ पातळ असते, ती पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला. जमिनीत घालायला आयएस १५३२८ ची वेगळी पाईप येते, मिळाली तर तीच घ्या, घराखाली तर नक्कीच.

काम नेहमी खालच्या टोकाकडून वर, सॉकेटचं तोंड वरच्या बाजूला. वरून सुरुवात केली की शेवटी पुढच्या चेंबरपाशी येऊन ‘बसेल तशी बसवू’ होतं. उतार तपासायला एक युक्ती वापरतो. १२० सेंटिमीटरची स्पिरिट लेव्हल घ्या आणि तिच्या उताराकडच्या टोकाला खालून दोन सेंटिमीटर जाडीचा लाकडी तुकडा बांधा. ती पाईपवर ठेवून बुडबुडा मधोमध आला की बरोबर साठास एक. कुणीही तपासू शकतं, तुम्हीसुद्धा. प्रत्येक पाईपवर ठेवून बघा, मिस्त्रीला राग आला तरी चालेल.

तुमचा पहिला प्लंबर ‘भरपूर ढाळ’ म्हणतो, आणि याच्या उलट तुम्हाला कुणीतरी सांगेल की जास्त ढाळ दिला तर पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो. माझ्या अनुभवात या भीतीला फारसा आधार नाही. वर सांगितलेल्या घरी शेवटचे चार मीटर फार तीव्र उताराचे होते, तिथं कधीच काही अडकलं नव्हतं. अडकत होतं ते सपाट भागात. जास्त ढाळ न देण्याचं खरं कारण हे की मर्यादित पुंजीतला उतार एका ठिकाणी उधळला तर दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. सगळ्या लांबीला सारखा वाटा.

इथवरचं एकदा जुळवून घ्या. आधी अडथळा कुठं ते, मग चेंबरचा तळ, मग आरसा, मग तीन पातळ्या. बोळ असेल तर बाहेरून, नसेल तरच फरशी.

आणि समजा तिन्ही पातळ्या घेतल्यावर पुंजीच कमी निघाली, रस्त्यावरची लाइनच उथळ आहे. तेव्हा पाईपशी झगडू नका. तुमची जुनी सेप्टिक टँक बुजवली नसेल तर ती पुन्हा वापरात घ्या. मैला टाकीत बसेल, आणि टाकीतून वरचं निवळलेलं पाणी तेवढं पुढं जाईल. नुसत्या पाण्याला शंभरास एक उतारही चालतो. टाकीला हवेची नळी मात्र हवी, आणि उपसा गाडीनंच, वेळच्या वेळी. नगरपरिषदेचे नियम गावागणिक वेगळे असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. दुसरा उपाय संडासाची फरशी एक पायरी उचलण्याचा, पण ७४ वर्षांच्या आईंना रोज एक पायरी वाढवायची हे मला पटत नाही. पंपाचा उपाय मी सुचवणार नाही, वीज गेली की संडास बंद.

जेट मशीनचं काय? पाईप मोकळी करायला चांगलं, कायमचा इलाज नाही. पोट किंवा सपाटपणा तसाच राहतो. ॲसिड मात्र टाकू नका. मैला त्यानं हलत नाही, चेंबरचं सिमेंट खातं, आणि कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो जीवघेणा आहे.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ती महत्त्वाची वाटली. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, आणि आंघोळीचं पाणी तुम्ही मागच्या केळींना सोडता. म्हणजे या पाईपमध्ये फक्त संडासाचं पाणी जातं, तेही जपून टाकलेलं. सपाट पाईपला हे सगळ्यात वाईट. नवी लाइन करताना नहाणीचं पाणी गल्ली ट्रॅपमधून (वास अडवायला तळाशी पाणी धरून ठेवणारा सापळा) लाइनच्या अगदी वरच्या टोकाला जोडून घ्या. चार जणांची सकाळची आंघोळ पाईप रोज धुऊन काढते. केळींसाठी स्वयंपाकघराचं भांडी धुतलेलं पाणी वळवा. त्यातला तेलकट थर पाईपमध्ये न गेलेलाच बरा.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात जमीन भेगाळलेली असते, जुलैत चरात पाणी भरतं. नोव्हेंबर-डिसेंबरात माती खणायला मऊ आणि कडा धरून राहणारी मिळते. बुजवण्याआधी पुढचं तोंड बंद करून पाईप पाण्यानं भरा आणि तासभर थांबा. मागच्या चेंबरमधली पातळी उतरली तर सांधा गळतोय, आणि काळ्या मातीत गळका सांधा म्हणजे तिथं माती फुगलीच. मग पाणी सोडा आणि मागून एक लिंबू टाकून बादली ओता. लिंबू न थांबता पुढच्या चेंबरमध्ये आलं पाहिजे. उघड्या चराचे टेप लावून फोटो काढा, भिंतीपासूनची अंतरं कागदावर मांडून तो घराच्या कागदपत्रांत ठेवा.

तोवर आईंसाठी एवढं करा. रोज सकाळी सगळ्यांचं आवरल्यावर मागच्या चेंबरचं झाकण उघडून दोन मोठ्या बादल्या पाणी एकदम ओता. थोडं थोडं नको, एकदम. आंघोळीचं साठवलेलं पाणी चालेल. तुंबायचं अंतर नक्की वाढेल. तीन पातळ्यांचे आकडे आणि बोळाची रुंदी हाती आली की मला कळवा, पाईप कोणत्या बाजूनं न्यायची ते त्या मापांवरून सांगतो.